ठेकेदाराची माणसं, गावी गेलेला ऑपरेटर आणि नव्या संहिता

प्रश्न थोडक्यात असा. वाळूज एमआयडीसीत दुचाकीच्या सुट्या भागांचं प्रेसकाम करणारा कारखाना. माणसं २६, त्यातली ९ कंपनीच्या पटावर, १७ ठेकेदाराची. विचारणाऱ्या ताई तिथं एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही सांभाळतात. चार वर्षं जुना एक ऑपरेटर सोयाबीन काढायला जिंतूरकडं गावी गेला, त्याला तीन आठवडे झाले, फोन उचलत नाही. शेठ म्हणतात, नाव कमी कर. ठेकेदाराच्या लोकांचं आपल्याकडं काही येत नाही, असंही शेठचं म्हणणं आहे. आणि नव्या कामगार संहिता आल्या म्हणजे जुने कायदे सगळे गेले का, हेही ताईंना हवंय.

ताई, आधी ऑपरेटरचं बघू. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, पण ‘नाव कमी केले’ असं पत्र एकदा पोस्टात पडलं की परत घेता येत नाही.

गैरहजर माणसाची नोकरी आपोआप संपत नाही. याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये डी. के. यादव विरुद्ध जेएमए इंडस्ट्रीज या प्रकरणात दिला आहे. तिथं तर कंपनीच्या स्थायी आदेशांतच (कामाच्या ठरवून दिलेल्या लेखी नियमांत) लिहिलेलं होतं की आठ दिवसांपेक्षा जास्त विनारजा गैरहजर राहिला तर नोकरी गेली. तरीही न्यायालय म्हणालं, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय काढता येणार नाही. त्याला कामावर परत घ्या आणि मधल्या काळाचा निम्मा पगार द्या. तुमच्याकडं स्थायी आदेशही नाहीत, कारण आता ते ३०० वा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच सक्तीचे आहेत. म्हणजे तुमच्या हातात नियुक्तिपत्राच्या अटी आहेत आणि दुसऱ्या बाजूचं ऐकून घेण्याचं नैसर्गिक न्यायतत्त्व आहे. नियुक्तिपत्रच दिलेलं नसेल, तर उरलं फक्त दुसरं.

पत्र लिहायच्या आधी एक काम करा. त्याचं रजेचं खातं काढा. दर वीस दिवसांच्या कामाला एक दिवस भरपगारी रजा मिळते. जुन्या फॅक्टरी कायद्यात त्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागायचे, नव्या संहितेत १८० भरले की हक्क मिळतो. चार वर्षांच्या माणसाच्या खात्यावर बऱ्याचदा वीस-पंचवीस दिवस शिल्लक निघतात, आणि हजेरीपटावर मात्र सरसकट ‘खाडा’ मांडलेला असतो. रजा मंजूर करून न घेता गेला ही त्याची चूक आहेच, पण उद्या कामगार न्यायालयात त्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार: रजा शिल्लक होती का, आणि तुम्ही रजेचे अर्ज घेता तरी का? रजेचं रजिस्टर कोरं असेल तर उत्तर देताना तुमची पंचाईत होईल.

आता पत्र. दोन पत्त्यांवर पाठवा: रांजणगाव किंवा बजाजनगरची खोली, आणि आधार कार्डावरचा गावचा पत्ता. पूर्वी आपण रजिस्टर एडी म्हणायचो; पोस्ट खात्यानं २०२५ मध्ये रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात विलीन केली, तेव्हा स्पीड पोस्टानं पोच मागून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका आणि निळ्या खुणांसकट स्क्रीनशॉट ठेवा. मजकूर साधा असावा:

“आपण दि. ___ पासून रजा मंजूर करून न घेता व कोणतीही सूचना न देता कामावर गैरहजर आहात. हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत कामावर हजर व्हावे व गैरहजेरीचे कारण लेखी कळवावे. आजारपण असल्यास वैद्यकीय कागदपत्रे सोबत आणावीत. मुदतीत हजर न झाल्यास आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई सुरू करण्यात येईल.”

एवढंच. ‘आपणास नोकरीत रस नाही असे समजून’ हे वाक्य चुकूनही घालू नका. ते प्रत्येक टायपिस्टच्या कॉम्प्युटरमध्ये तयार पडलेलं असतं, आणि विरुद्ध बाजूचा वकील नेमक्या त्याच ओळीखाली लाल रेघ ओढून आणतो. पहिल्या पत्राला उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी दुसरं पाठवा. तरीही शांतताच असेल तर आरोपपत्र द्या, चौकशी अधिकारी नेमा, चौकशीची तारीख, वेळ आणि ठिकाण कळवा. चौकशी अधिकारी शेठचा मेहुणा नको. बाहेरचा वकील किंवा तुमच्याच धंद्यातला, या प्रकरणाशी संबंध नसलेला माणूस घ्या. ऑपरेटर आला नाही तर त्याच्या गैरहजेरीत चौकशी पुढं नेता येते, पण पाकिटं परत आली असतील तर ती न फोडता, शेऱ्यासकट फाइलला लावा. ‘पत्त्यावर राहत नाही’ हा पोस्टमनचा शेरा आणि ‘घेण्यास नकार’ हा शेरा यांचं न्यायालयातलं वजन वेगवेगळं असतं. मग निष्कर्ष, निष्कर्षाची प्रत त्याला, त्यावर त्याचं म्हणणं मागणं, आणि शेवटी आदेश. सगळं नीट केलं तर दीड-दोन महिने लागतात.

माझा अंदाज मात्र असा की इतकी वेळ येणार नाही. रास झाली, माल लातूरच्या किंवा परभणीच्या आडतीवर गेला, की माणूस एका सोमवारी गेटवर उभा राहतो. त्या दिवशी त्याला गेटवरून परत पाठवू नका. आपल्याकडं सगळ्यात जास्त केसेस इथंच तयार होतात: सिक्युरिटीवाल्यानं ‘साहेबांनी आत घेऊ नको म्हटलंय’ असं सांगितलं, आणि पोरानं ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. आत घ्या, लेखी खुलासा घ्या, समज द्यायची असेल तर लेखी द्या आणि मशीनवर पाठवा. गैरहजर दिवसांचा पगार कापायला तुम्ही मोकळे आहात.

शेठना हे लांबण लावणं वाटेल. त्यांना दुसरी बाजूही सांगा. महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा आहे. काढल्यापासून ९० दिवसांत कामगार त्याखाली तक्रार करू शकतो, त्याला युनियन लागत नाही, आणि न्यायालय अंतरिम आदेशही देऊ शकतं. केस वर्षानुवर्षं चालते. शेवटी ‘परत घ्या आणि मागचा पगार द्या’ असा आदेश झाला की मग आकडा शेठच्या अंदाजापलीकडं गेलेला असतो.

आता ठेकेदाराची माणसं. तुमच्या पत्रातलं खरं दुखणं हे आहे, ऑपरेटरचं प्रकरण त्यामानानं किरकोळ.

माणूस कोणाचा, हे ठेक्याच्या करारातली ओळ ठरवत नाही. तो कोणाच्या मशीनवर कोणाचं काम करतो, यावर बहुतेक कायदे चालतात. पीएफसाठी आस्थापनात २० माणसं लागतात, आणि ठेकेदारामार्फत आलेला माणूसही ‘कर्मचारी’ या व्याख्येतच बसतो. म्हणजे तुमची मोजणी ९ नाही, २६ आहे. ईएसआयला (कामगार राज्य विम्याला) १० पुरतात, तिथंही तेच. लैंगिक छळविरोधी कायद्यालाही १० च. नव्या संहितेत वीज वापरणारा कारखाना म्हणून मोजायला २० कामगार लागतात, तिथंही ठेक्याचे धरून. ‘आपण लहान आहोत, आपल्याला लागू नाही’ हे शेठचं गणित नऊवर उभं आहे, आणि ते नऊ कुठल्याच रकान्यात चालत नाहीत.

आपल्या मराठवाड्याला ही रचना नवी नाही. बीड, जालना, परभणीकडून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. उचल मुकादमाच्या हातून, हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि ज्या साखर कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडतो त्याच्या पटावर त्या कोयत्याचं (ऊसतोड जोडप्याचं) नावच नाही. एमआयडीसीतला लेबर ठेकेदार हा त्याच मुकादमाचा जीएसटी नंबर काढलेला भाऊ. फरक एवढाच की कारखान्याच्या बाबतीत कायद्यानं फट बरीचशी बुजवली आहे. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं, म्हणजे तुमच्या कंपनीनं, द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करून घ्यायचा. पीएफ-ईएसआयचंही तसंच.

आकडा मांडून बघा, शेठना तोच पटेल. पीएफची पगार मर्यादा १५,००० रुपये. कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८००, मालकाचे १२ टक्के म्हणजे १,८०० (त्यातले १,२५० पेन्शनला जातात). माणशी ३,६००. सतरा माणसांचे महिन्याला ६१,२००, वर्षाचे ७ लाख ३४ हजार ४००. ठेकेदारानं भरले नाहीत तर चौकशी तुमच्या नावानं लागते. वर दरसाल १२ टक्के व्याज, शिवाय दंडनुकसानी. ती जून २०२४ पासून दरमहा एक टक्का आहे, पूर्वी लांबलेल्या थकबाकीवर जास्त होती. आणि यातलं बोचणारं कलम असं की कामगाराचा जो हिस्सा वेळेवर कापला नाही, तो मागाहून त्याच्या पगारातून वसूल करता येत नाही. दोन्ही हिस्से तुमच्याच खिशातून जातात.

म्हणून ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी त्यानं पीएफ भरल्याचं चलन बघता असं तुम्ही लिहिलंय, हे चांगलंच. पण नुसतं चलन बघून भागत नाही. चलनावर एकूण रक्कम असते, नावं नसतात. एकच चलन तीन कंपन्यांना दाखवणारे ठेकेदार या पट्ट्यात काही कमी नाहीत. चलनासोबतची ईसीआर (कोणाचे किती भरले याची नाववार यादी) मागा, तिच्यातली नावं आणि यूएएन (कामगाराचा पीएफ क्रमांक) तुमच्या गेटच्या हजेरीशी पडताळा. मी सांगतो ती सोपी चाचणी: महिन्यातून एकदा चहाच्या सुट्टीत कोणत्याही तीन कामगारांना उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून दाखवायला सांगा. तिघांपैकी एकाचंही खातं मागच्या चार महिन्यांपासून हललेलं नसेल, तर बिल थांबवा. ठेकेदार त्याच संध्याकाळी येऊन भेटतो.

दुसरी चाचणी जरा नाजूक आहे. पगार बँकेत जातो, पगारचिठ्ठीवर किमान वेतन दिसतं, सगळं कागदोपत्री चोख. पण कामगाराचं एटीएम कार्ड ठेकेदाराच्या ड्रॉवरमध्ये असतं, आणि दहा तारखेला त्यातले दोन-तीन हजार परत निघतात. परराज्यातून आलेल्या पोरांच्या बाबतीत हे जास्त घडतं. हे तुमच्या नजरेस पडलं आणि तुम्ही गप्प राहिलात, तर उद्या ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं आणि उचल फिटेपर्यंत जाऊ न देणं हा तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचा प्रदेश आहे. तिथं प्रकरण कामगार कार्यालयातून थेट जिल्हा प्रशासनाकडं जातं.

प्रेसशॉप आहे म्हणून अपघाताचं वेगळं सांगतो. बोटं जातात, हे तुम्हालाही माहीत आहे. ईएसआयमध्ये नोंद असेल तर अपघातामुळं काम बंद असलेल्या काळात कामगाराला सरासरी वेतनाच्या ९० टक्के भरपाई मिळते, त्यासाठी आधी इतके महिने वर्गणी भरली पाहिजे अशी अट नाही, उपचार विमा रुग्णालयात होतात, आणि त्याच इजेसाठी मालकाकडं वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. मालकाच्या दृष्टीनं इतका स्वस्त विमा बाजारात मिळणार नाही: २१,००० पर्यंत पगार असलेल्यांचे मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५. पण हे सगळं, नोंद असेल तर. सकाळी अकराला बोट गेलं आणि दुपारी चारला विमा क्रमांक काढला, हे ईएसआयच्या अधिकाऱ्याला तारीख-वेळेसकट दिसतं. मग ईएसआय महामंडळ कामगाराला देतं आणि तुमच्याकडून वसूल करतं. ठेकेदाराचा नवा माणूस विमा क्रमांक मिळाल्याशिवाय प्रेसवर उभा करायचा नाही, असा नियम गेटवरच्या माणसापर्यंत पोचवा. फक्त सुपरवायझरला सांगून उपयोग नाही, त्याला प्रॉडक्शन काढायचं असतं.

ठेक्याचा परवाना हा वेगळा विषय. आता ५० वा त्याहून जास्त ठेका कामगार असतील तरच संहितेतला ठेका कामगारांचा भाग लागू होतो, त्यामुळं तुम्हाला १७ वर त्यासाठीची नोंदणी लागणार नाही. पण तुमचा ठेकेदार पाच कंपन्यांना माणसं पुरवत असेल तर त्याची स्वतःची बेरीज पन्नासच्या वर जाते आणि त्याला परवाना लागतो. त्याची प्रत मागून ठेवा.

आणि परवाना आहे म्हणून ठेका खरा ठरत नाही. रजा कोण मंजूर करतं, पाळी कोण लावतं, कामात चूक झाली तर कोण ओरडतं, काढून कोण टाकतं? या चारही प्रश्नांचं उत्तर ‘आमचा सुपरवायझर’ असेल, तर तो ठेका नावापुरता आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालात सांगितलं की ठेका पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत, पण ठेका हा नुसता देखावा असल्याचं सिद्ध झालं तर ते पहिल्यापासून कंपनीचेच मानले जातील. ठेकेदाराचा एक सुपरवायझर जागेवर ठेवा आणि सूचना त्याच्यामार्फत द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘प्रेसशॉप नाइट शिफ्ट’ ग्रुपवर तुम्ही स्वतः ठेकेदाराच्या पोरांना रजा मंजूर करू नका. असे ग्रुप आता पुराव्यात येतात.

जाता जाता सात महिन्यांच्या ब्रेकबद्दल. वाळूज काय, चाकण काय, सगळीकडं पोरांना सात महिने ठेवून ब्रेक देतात. सातच का, तर सात महिन्यांचे दिवस २१२-२१५ होतात आणि आठ झाले की २४० ओलांडले जातात. एका वर्षात २४० दिवस भरले की त्याला सलग सेवा धरतात, आणि मग कामगार कमी करायचा तर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. काही जण प्रत्यक्ष हजर दिवसच मोजतात आणि फसतात. पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्याही २४० मध्ये धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या प्रकरणातच सांगून ठेवलं आहे. शिवाय कायमपणाचा लाभ नाकारण्यासाठी वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही मघाच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित प्रथा म्हणून नाव घेऊन लिहिलेली आहे. मला विचाराल तर हा ब्रेकचा खेळ आता करण्यात अर्थच नाही, कारण ठराविक मुदतीच्या नेमणुकीची सरळ सोय संहितेत आहे. दोन वर्षांची ऑर्डर आली, दोन वर्षांची नेमणूक द्या. मुदत संपली की नोकरी संपली. ती कामगार कपात मानली जात नाही. बदल्यात पगार आणि सवलती कायम कामगारासारख्याच द्यायच्या आणि एक वर्ष भरलं तरी ग्रॅच्युइटी द्यायची.

संहितांकडं येऊ. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि सुरक्षा-आरोग्य-कामाची स्थिती अशा चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं लागू केल्या. त्यांत केंद्राचे २९ कायदे सामावले. जुने नियम आणि अधिसूचना, संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात, म्हणून पीएफ-ईएसआयचे वर दिलेले दर तेच आहेत. आणि ‘सगळं जुनं गेलं’ हे फॉरवर्ड पाठवणारे एक विसरतात की राज्याचे कायदे त्या २९ मध्ये नव्हतेच. १९७१ चा अनुचित प्रथांचा कायदा, १९६९ चा माथाडी कायदा, कामगार कल्याण निधी, व्यवसाय कर, दुकाने-आस्थापनांचा २०१७ चा कायदा हे सगळे जागेवर आहेत. केंद्राचे असूनही २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आणि अप्रेंटिस कायदाही बाहेरच आहेत. माथाडीचं तुम्हाला सध्या लागत नाही असं वाटेल, पण कॉइल उतरवायला आणि स्क्रॅप भरायला बाहेरचे हमाल येत असतील तर तो विषय एकदा समजून घ्या. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत आणि लातूरच्या डाळमिलवाल्यांकडं माथाडी मंडळाची लेव्ही (हमालीवर मंडळाला द्यावी लागणारी जादा रक्कम) हा नेहमीचा वादाचा मुद्दा असतो.

संहितेनं तुमच्या रोजच्या कामात काय बदललं? सगळ्यात मोठं म्हणजे वेतनाची व्याख्या. घरभाडं, प्रवासभत्ता असे भत्ते वेतनात धरत नाहीत, पण त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेली तर वरचा भाग वेतनात परत मिळवायचा. तुमच्या एखाद्या सुपरवायझरचा पगार ३६,००० धरा: मूळ १४,०००, घरभाडं १४,०००, प्रवासभत्ता ८,०००. भत्ते झाले २२,०००. निम्मे १८,०००. वरचे ४,००० मूळ वेतनात मिळवा, वेतन झालं १८,०००. दहा वर्षांची ग्रॅच्युइटी आधी १४,००० वर काढली असती तर ८०,७६९ आली असती. आता १८,००० ला १५ नं गुणून २६ नं भागा, दहानं गुणा, १ लाख ३ हजार ८४६. मूळ पगार दाबून भत्ते फुगवायची जी युक्ती सल्लागारांनी पंधरा वर्षं विकली, ती इथं संपते. खरं तर पीएफपुरती ती २०१९ मध्येच विवेकानंद विद्यामंदिरच्या निकालानं खिळखिळी झाली होती: सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता मूळ वेतनातच धरायचा.

किमान वेतन तपासताना मूळ वेतन आणि विशेष भत्ता असे दोन्ही बघा. विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. पगारवाढ एप्रिलमध्ये करणाऱ्या कंपन्या जुलैचा बदल हमखास चुकवतात.

हिशेबाचा दुसरा बदल: राजीनामा असो, बडतर्फी असो की कामगार कपात, वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं. ‘पुढच्या पगाराच्या वेळी या’ चालणार नाही. ग्रॅच्युइटीला मात्र पूर्वीसारखे ३० दिवस आहेत. आणि नियुक्तिपत्र आता प्रत्येकाला द्यायचं आहे. तुमच्या नऊ जणांपैकी किती जणांना दिलंय, ते आजच बघा. जुन्या माणसाला आता देताना रुजू झाल्याची तारीख खरीच टाका. तारीख पुढं ढकलून सेवा कमी दाखवायची शेठची इच्छा असेल, पण पीएफच्या पासबुकावर खरी तारीख आधीच छापलेली आहे.

ओव्हरटाइमबद्दल एकच वाक्य: दुप्पट, आणि ‘सिंगल ओटी’ नावाची गोष्ट कायद्यात नाही.

पगारातून कापण्याचं थोडं सविस्तर. एका खाड्याला दोन दिवसांचा पगार कापायची रीत आपल्याकडं इतकी जुनी आहे की कामगारही ती मान्य करून बसलेत. गैरहजेरीची कपात गैरहजर काळाच्या प्रमाणातच करता येते. फक्त दहा किंवा जास्त जणांनी ठरवून, सूचना न देता एकदम दांडी मारली, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची तरतूद आहे. दंड लावायचा तर त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपर्यंतच, आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. सगळ्या कपाती मिळून निम्म्या वेतनावर जाऊ द्यायच्या नाहीत. डाय (प्रेसचा साचा) फुटला म्हणून ऑपरेटरच्या पगारातून हप्ते बांधणं तर विसराच, जोपर्यंत त्याचा निष्काळजीपणा त्याला ऐकून घेऊन तुम्ही नोंदवलेला नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीकडं तुमच्यासारख्या कारखान्यात कोणी बघत नाही, कारण बायका पॅकिंगला तीन-चारच असतात. दहाच्या वर माणसं आहेत, तेव्हा समिती हवी: किमान चार जण, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी महिला, आणि एक बाहेरचा जाणकार सदस्य. तक्रारीला तीन महिने, चौकशीला ९० दिवस. समितीच नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. ठेकेदाराकडून आलेल्या पॅकिंगच्या बाईलाही तुमच्याच समितीकडं तक्रार करता येते, आणि तिला ‘तुझ्या ठेकेदाराला सांग’ म्हणणं हीच पुढं तुमच्याविरुद्धची तक्रार होते. त्या बायकांपैकी कोणाला बाळंतपणाची रजा लागली तर आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं की पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे. ईएसआयमध्ये नोंद असेल तर पगाराची भरपाई महामंडळ देतं, म्हणजे तुमच्यावर बोजा नाही. तरीही त्या महिन्यात ‘काम नाही’ म्हणून थांबवणारे लोक आहेत. तसं करू नका, ते बेकायदा आहे.

राहिलेलं किरकोळ. व्यवसाय कर दरमहा २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत पगार असेल तर कापू नका, एप्रिल २०२३ पासून सूट आहे आणि अजूनही कित्येक ठिकाणी सॉफ्टवेअर कापतंच. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरच्या पगारातून. बोनस किमान ८.३३ टक्के, वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत. आपल्याकडं तो दिवाळीला देतात ते मुदतीतच बसतं, आणि ३० दिवस काम केलेल्यालाही द्यायचा. सणांच्या सुट्ट्यांची यादी जानेवारीत कामगारांशी बोलून ठरवा आणि नोटीस बोर्डाला मराठीत लावा. एक सुट्टी इकडची तिकडं करायची असेल तर १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, यादीत घ्या. कायद्यानं सक्ती नाही, पण झेंडावंदनाला जायचं म्हणून निम्मी पाळी त्या दिवशी तशीही उशिरानंच येते.